पाचशे तास टिकणारा उत्प्रेरक: कार्बन डायऑक्साईडचा कार्बन मोनॉक्साईड करताना

कार्बन डायऑक्साईडपासून कार्बन मोनॉक्साईड करणारा उत्प्रेरक बनवणं फारसं अवघड नाही. तांबं, निकेल, लोखंड, प्लॅटिनम, मॉलिब्डेनम कार्बाईड, यांपैकी काहीही तापवा आणि त्यावरून कार्बन डायऑक्साईड व हायड्रोजन सोडा. थोडाफार मोनॉक्साईड मिळतोच. खरी कसोटी लागते ती हा उत्प्रेरक आठवडे न् आठवडे तसाच टिकवताना. त्यातला क्रियाशील पदार्थ नॅनोकणांच्या, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागाएवढ्या कणांच्या, रूपात असतो, आणि असे कण मुळात अस्थिर असतात. त्यांचं पृष्ठ फार मोठं असतं, त्या पृष्ठावर ऊर्जा साठलेली असते, आणि संधी मिळताच ते एकमेकांत मिसळून ती ऊर्जा कमी करतात. म्हणून टिकाऊपणाचा विचार धातू निवडतानाच करावा लागतो. उत्प्रेरक बनवून झाल्यावर तो वरून चढवता येत नाही.

हा लेख उष्णतेवर चालणाऱ्या मार्गाबद्दल आहे. त्याला उलट वॉटर-गॅस शिफ्ट म्हणतात. विजेवर चालणारा, चांदी-सोन्याच्या इलेक्ट्रोडचा मार्गही महत्त्वाचा आहे, पण तिथले टिकाऊपणाचे प्रश्न (इलेक्ट्रोडच्या छिद्रांत पाणी भरणं, कार्बोनेटचे स्फटिक साचणं) इतके निराळे आहेत की त्यांना स्वतंत्र लेख हवा.

आधी कागद-पेन्सिल

अभिक्रिया दिसायला साधी आहे: कार्बन डायऑक्साईडचा एक रेणू आणि हायड्रोजनचा एक रेणू मिळून मोनॉक्साईडचा एक आणि पाण्याचा एक रेणू. ती उष्णता शोषते, दर मोलमागे सुमारे ४१ किलोज्यूल. म्हणजे तापमान वाढवाल तसं रूपांतर वाढतं. तिच्या शेजारी एक प्रतिस्पर्धी अभिक्रिया असते, मिथेन बनण्याची. ती उलट उष्णता बाहेर टाकते, दर मोलमागे सुमारे १६५ किलोज्यूल, आणि कमी तापमानाला तिचीच सरशी होते.

काहीही बनवायच्या आधी समतोलाचं (अभिक्रिया पुढे आणि मागे सारख्याच वेगाने चालू लागते त्या स्थितीचं) गणित करून भिंतीवर लावा. मिथेन बाजूला ठेवून, एका भाग कार्बन डायऑक्साईडला तीन भाग हायड्रोजन घेतला, तर ४०० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ३७ टक्क्यांच्या आसपास रूपांतर होऊ शकतं आणि ६०० अंशांना ६१ टक्क्यांच्या आसपास. समतोल स्थिरांक १ व्हायला ८०० अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि तिथे याच मिश्रणाचं रूपांतर ७५ टक्के भरतं. जगातला सर्वोत्तम उत्प्रेरकही या रेषेपलीकडे जाऊ शकत नाही. कुणाचा आकडा हिच्या वर दिसला, तर मिथेन मोजायचा राहिला असेल किंवा तापमान चुकीचं मोजलं असेल.

या आकड्यांमागे एक पेच दडलेला आहे. जास्त रूपांतरासाठी जास्त तापमान हवं आणि जास्त तापमानाला नॅनोकण मरतात. पुढचा प्रत्येक निर्णय या पेचातूनच घ्यायचा आहे.

उत्प्रेरक कशाने मरतो

पहिलं कारण सिंटरिंग, म्हणजे बारीक कण एकत्र येऊन जाड होणं. हे दोन तऱ्हांनी होतं. एकात अख्खे कण आधारावर (ज्यावर ते पसरलेले असतात त्या सिलिका, अ‍ॅल्युमिनासारख्या सच्छिद्र ऑक्साईडवर) सरपटत जाऊन एकमेकांना भिडतात. दुसरीत कण जागचे हलत नाहीत, पण लहान कणांवरचे अणू सुटून मोठ्या कणांवर जाऊन बसतात, लहान झिजत जातात आणि मोठे फुगतात. यातली कुठली तऱ्हा चालू आहे हे ओळखणं गरजेचं आहे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. सरपटणाऱ्या कणांना अडवायला भिंती लागतात. अणू सुटत असतील तर कणांचे आकार सुरुवातीपासूनच शक्य तितके सारखे ठेवावे लागतात आणि अणूंना आधारावर घट्ट पकडणारी जागा द्यावी लागते.

नुकसानीचा हिशोब सोपा आहे. तांब्याच्या ५ नॅनोमीटरच्या कणात साधारण २० टक्के अणू पृष्ठावर असतात, २० नॅनोमीटरच्या कणात जेमतेम ५ टक्के. कण चौपट जाड झाला की काम करणारं पृष्ठ पावपट उरतं.

दुसरं कारण कार्बन साचणं. मोनॉक्साईडचे दोन रेणू एकत्र येऊन एक कार्बन आणि एक कार्बन डायऑक्साईड होऊ शकतात. ही अभिक्रिया उष्णता सोडते, त्यामुळे ती साधारण ७०० अंशांच्या खाली फावते. नेमकी हीच आपली कामाची पट्टी. निकेल, लोखंड आणि कोबाल्टवर हा कार्बन धाग्यांसारखा वाढतो आणि धातूचा कण आधारावरून अक्षरशः उचलून नेतो.

तिसरं कारण पाणी. या अभिक्रियेत मोनॉक्साईडच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू तयार होतो, म्हणजे उत्प्रेरक सतत वाफेत शिजत असतो. वाफेमुळे अ‍ॅल्युमिनाची बारीक छिद्रं कोसळतात, फार वरच्या तापमानाला सिलिकाही वाफेबरोबर उडून जाऊ लागते, आणि मॉलिब्डेनम कार्बाईडसारखा पदार्थ हळूहळू ऑक्साईड होऊ शकतो. कोरड्या वायूत केलेल्या सिंटरिंगच्या चाचणीवर मी यामुळेच विश्वास ठेवत नाही.

चौथं कारण विष. गंधकाचे अंश दशलक्षांत काही भाग असले तरी तांबं आणि निकेल झोपतात. क्लोराईडने तांब्याचे कण भराभर जाड होतात, म्हणून तांब्याचं क्लोराईड कधीही कच्चा माल म्हणून घेऊ नका, नायट्रेट घ्या.

धातू निवडताना

तापमान किती सहन होईल याचा ढोबळ अंदाज वितळणबिंदूवरून येतो. केल्व्हिनमधल्या वितळणबिंदूच्या साधारण ०.३ पट तापमानाला पृष्ठावरचे अणू हलू लागतात (हे ह्यूटिग तापमान) आणि ०.५ पटीला कणाच्या आतलेही हलतात (हे टॅमन तापमान). तांब्याचं टॅमन तापमान ४०६ अंश सेल्सिअसच्या आसपास येतं, निकेलचं ५९० च्या, प्लॅटिनमचं ७५० च्या. म्हणजे तांबं ६०० अंशांना चालवणं ही जोखीम आहे. मिथेन जवळजवळ न होऊ देता मोनॉक्साईड देण्यात तांब्यासारखा स्वस्त धातू दुसरा नाही हे खरंच, पण मिथेनॉलच्या कारखान्यांत तांबं-झिंक-अ‍ॅल्युमिना उत्प्रेरक साधारण २०० ते ३०० अंशांतच चालवतात, ते उगीच नाही. वर जायचं तर तांब्याला सोबत लागते. थोडं लोखंड मिसळलं की तांब्याचे कण जास्त काळ बारीक राहतात, हे अनेकदा दिसलं आहे.

कार्बाईडची गोष्ट वेगळी. मॉलिब्डेनम कार्बाईड २६०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतं, त्यामुळे साधं सिंटरिंग त्याला फारसं गाठत नाही. त्याचा शत्रू ऑक्सिडीकरण. २०२४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी साध्या साखरेतून कार्बन घेऊन घनाकार रचनेचं मॉलिब्डेनम कार्बाईड बनवलं, आणि ते ६०० अंशांना ५०० तासांहून जास्त चाललं, तेही फक्त मोनॉक्साईड देत. मला त्यातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते हे की मूलद्रव्यं तीच ठेवून स्फटिकरचना बदलली की टिकाऊपणा बदलतो. कार्बाईड बनवल्यावर नुसतं ‘मॉलिब्डेनम कार्बाईड’ म्हणून थांबू नका. क्ष-किरण विवर्तनात (स्फटिकातले अणू कसे रचले आहेत ते क्ष-किरणांनी पाहण्याच्या पद्धतीत) कोणती रचना आली ते पाहा. आणि तयार कार्बाईड एकदम हवेत काढू नका, ते पेट घेऊ शकतं. आधी अर्धा ते एक टक्का ऑक्सिजन असलेल्या निष्क्रिय वायूत थंड तापमानाला काही तास ठेवून त्यावर पातळ संरक्षक थर येऊ द्या.

ऱ्होडियम आणि रुथेनियमसारखे धातू मोठ्या कणांच्या रूपात मिथेनकडे झुकतात. पण टायटानियावर (टायटॅनियमच्या ऑक्साईडवर) ऱ्होडियमचे सुटे अणू असतील, तर तेच ऱ्होडियम मोनॉक्साईड देतं. इथे निवडकता (हवं तेच उत्पादन मिळणं) आणि स्थिरता ही एकच गोष्ट होते: अणू जमून कण झाले की उत्पादनातलं मिथेन वाढतं. अशा उत्प्रेरकात मिथेनचा आकडा हाच सिंटरिंगचा पहिला इशारा समजा.

कण जागेवर बांधून ठेवणं

पहिला उपाय अंतर. एक हिशोब करून पाहू. १०० चौरस मीटर प्रति ग्रॅम पृष्ठाच्या आधारावर ५ टक्के तांबं ५ नॅनोमीटरच्या कणांत पसरलं, तर प्रत्येक कणाच्या वाट्याला सुमारे १,१०० चौरस नॅनोमीटर जागा येते, म्हणजे दोन कणांच्या मध्यांत साधारण ३३ नॅनोमीटर अंतर. तांबं २० टक्के केलं की हेच अंतर १५ नॅनोमीटरवर येतं, आणि कणांची जाडी वजा केली तर मध्ये फक्त १० नॅनोमीटर मोकळी जागा. नवशिके धातू वाढवतात कारण पहिल्या दिवशीचा आकडा वाढतो. मी उलट सांगेन: आधी ५ टक्क्यांवर अभ्यास करा, आणि वाढवायचंच असेल तर आधाराचं पृष्ठ वाढवून वाढवा. हिशोब सपाट पृष्ठाचा आहे. खऱ्या छिद्रांत कण घोळक्याने बसतात, म्हणून प्रत्यक्षातली स्थिती याहून वाईटच असते.

दुसरा उपाय पकड. ज्या आधाराला धातू नुसता टेकलेला असतो (शुद्ध सिलिका हे त्याचं उदाहरण) तिथे कण सहज सरकतात. सेरिया (सेरियमचं ऑक्साईड), टायटानिया, सेरिया-झिर्कोनिया असे आधार ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांमधून धातूला पकडतात, आणि त्याच जागा कार्बन डायऑक्साईडचा एक ऑक्सिजन काढून घ्यायलाही मदत करतात. रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवलं की टायटानियावरचे प्लॅटिनम गटातले धातू ५०० अंशांना हायड्रोजनमध्ये तापवले की हायड्रोजन आणि मोनॉक्साईड धरायचेच थांबतात. पुढे कळलं की आधार स्वतःच पातळ पापुद्र्यासारखा धातूवर चढतो. हा पापुद्रा जास्त झाला तर उत्प्रेरक गुदमरतो, बेताचा झाला तर कण जखडले जातात. क्षपणाचं (हायड्रोजनमध्ये तापवून ऑक्सिजन काढण्याचं) तापमान ५० अंशांच्या टप्प्यांनी बदलून तो बेत शोधावा लागतो, दुसरा मार्ग नाही.

तिसरा उपाय भिंत घालणं. मेसोपोरस (काही नॅनोमीटर रुंद छिद्रांच्या) सिलिकाच्या छिद्रांत कण बसवता येतात, किंवा अ‍ॅल्युमिनाचा थर अणूच्या जाडीने एकेक चढवत कण झाकता येतात. झाकलेला थर तापवला की त्यात बारीक छिद्रं पडतात, वायू आत-बाहेर करतात आणि कण आतच राहतो. काही क्रियाशील जागा थराखाली कायमच्या जातात. ही किंमत पहिल्या दिवशी खटकते, पण दोनशे तासांनी वसूल होते.

चौथा उपाय मला सर्वांत आवडतो: कण बाहेरून ठेवायचेच नाहीत, आतून उगवू द्यायचे. पेरोव्हस्काईट (एका ठरावीक स्फटिकरचनेच्या) ऑक्साईडच्या जाळीत निकेलसारखा धातू मुळातच मिसळायचा आणि मग हायड्रोजनमध्ये तापवायचं. धातू पृष्ठावर येऊन कण होतो, पण त्याचं बूड ऑक्साईडच्या खाचेत रुतलेलं राहतं. हलायला जागा नाही, आणि खालून कार्बनचा धागा वाढून त्याला उचलून न्यायलाही जागा नाही. अडचण एवढीच की पेरोव्हस्काईटचं पृष्ठ कमी असतं, त्यामुळे दर ग्रॅममागे काम कमी मिळतं.

बनवताना

मुरवण्याची पद्धत सर्वांत सोपी: आधाराच्या छिद्रांत जितकं द्रव मावतं तितकंच धातूच्या नायट्रेटचं द्रावण घालायचं, एका रात्रीत मुरू द्यायचं आणि वाळवायचं. चूक बहुतेकदा वाळवताना होते. घाईने वाळवलं की द्रावण छिद्रांतून बाहेर ओढलं जातं आणि धातू दाण्याच्या कडेला जमतो. हळू तापवा, मिनिटाला १ ते २ अंश, आणि भाजताना वायूचा प्रवाह मोकळा ठेवा म्हणजे नायट्रेटमधून सुटणारे नायट्रोजनचे ऑक्साईड आत अडकून राहणार नाहीत. उघड्या ताटलीत, बंद भट्टीत भाजलेला नमुना आणि प्रवाहात भाजलेला नमुना यांच्या कणांत मोठा फरक दिसतो.

सहअवक्षेपणाने (धातू आणि आधार द्रावणातून एकत्रच गाळ म्हणून खाली बसवून) बनवत असाल तर गाळ धुण्याचा कंटाळा करू नका. मागे राहिलेलं सोडियम पृष्ठाचे गुणधर्म बदलतं, आणि मग दोन घाण्यांचे निकाल जुळत नाहीत.

क्षपणाची पायरी तर फारच निर्णायक. तांब्याच्या ऑक्साईडचं क्षपण उष्णता सोडतं. शुद्ध हायड्रोजन एकदम सोडला तर तापमापकावर दिसणार नाही असा उष्ण बिंदू आत तयार होतो आणि उत्प्रेरक पहिल्या तासातच अर्धा खराब होतो. पाच टक्के हायड्रोजनने सुरुवात करा, २५० ते ३०० अंशांपर्यंत सावकाश जा, मग हायड्रोजन वाढवा.

चाचणी, जिथे बहुतेक फसतात

सुरुवातीलाच सुरक्षेचं बोलू. मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान पेट घेतो. मोनॉक्साईडचा गजर, चालू धुराडं, प्रत्येक सांध्याची गळती तपासणी आणि वीज गेल्यास आपोआप बंद होणाऱ्या झडपा, यांपैकी एक जरी गोष्ट कमी असेल तरी भट्टी पेटवू नका. एकटं असताना रात्रीचा प्रयोग लावू नका.

उत्प्रेरक भरायची नळी क्वार्ट्झची घ्या. स्टीलच्या भिंतीत निकेल आणि लोखंड असतं, आणि ६०० अंशांना ती भिंतच उत्प्रेरक होऊन बसते. उत्प्रेरक न भरता, नुसता क्वार्ट्झचा भुगा भरून एक कोरा प्रयोग करा. त्यात येणारं रूपांतर तुमचं नाही. उत्प्रेरकानंतरचा थंड होत जाणारा भाग धातूचा असेल तर तिथे कार्बन साचतो आणि दोष उत्प्रेरकावर येतो. शिवाय मोनॉक्साईडचं सिलिंडर वापरून परतीची अभिक्रिया तपासणार असाल, तर सिलिंडरच्या पोलादातून आलेलं लोखंडी कार्बोनिल आधी सापळ्यात पकडा, नाहीतर तुमच्या उत्प्रेरकावर नकळत लोखंड चढत राहील.

आता या सगळ्या लेखामागचा मुद्दा. टिकाऊपणाची चाचणी समतोलाजवळ कधीही करू नका. मी पहिल्यांदा जो शंभर तासांचा सपाट आलेख अभिमानाने दाखवला होता, तो असाच होता. नंतर उत्प्रेरक बाहेर काढला, तर कण तिप्पट जाड झाले होते. आलेख सपाट का राहिला? समजा गरजेपेक्षा कितीतरी जास्त उत्प्रेरक भरला आहे. साध्या पहिल्या क्रमाच्या हिशोबात समतोलाच्या ९९.९९ टक्क्यांवर सुरुवात झाली आणि मग निम्मी क्रियाशीलता मेली, तरी रूपांतर समतोलाच्या ९९ टक्क्यांवर राहतं. ६०० अंशांच्या आपल्या उदाहरणात ते ६१ वरून साधारण ६०.४ होतं. एवढा फरक गॅस क्रोमॅटोग्राफच्या (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) चुकीत सहज विरून जातो. अर्धा उत्प्रेरक गेला आणि कुणाला कळलंही नाही.

म्हणून उत्प्रेरक कमी करा किंवा वायूचा वेग वाढवा आणि रूपांतर समतोलाच्या निम्म्याखाली आणा. तिथे घट लगेच दिसते. समजा सुरुवातीला २५ टक्के रूपांतर होतं आणि शंभर तासांनी २० झालं. नुसतं पाहिलं तर पाचच अंकांचा फरक. पण समतोलाचा ६१ हा आकडा हिशोबात घेऊन वेगस्थिरांक (अभिक्रियेच्या वेगाचं माप) काढला तर तो ०.५३ वरून ०.४० वर आलेला दिसतो, म्हणजे क्रियाशीलता पावपट गेली. रूपांतराऐवजी हा वेगस्थिरांक वेळेसमोर मांडा.

कार्बनचा ताळेबंद दर तासाला काढा. आत गेलेला कार्बन आणि बाहेर आलेला कार्बन ९५ ते १०५ टक्क्यांत जुळला पाहिजे. मिश्रणात थोडा नायट्रोजन मोजमापाचा आधार म्हणून ठेवा, कारण वाफेचं पाणी होऊन ते निघून जातं आणि मिथेन झाला तर एकूण मोलही कमी होतात. बाहेरचा प्रवाह गृहीत धरला की आकडे फुगतात. ताळेबंद सतत ९७ येत असेल तर तो बरा आहे असं समजून सोडू नका. ५०० तासांत तीन टक्के कार्बन कुठेतरी साचत असेल तर तो उत्प्रेरकाच्या थरातच साचतो आहे.

दाण्याचा आकार बदलूनही एकदा पाहा. मोठे दाणे आणि बारीक दाणे वेगळे वेग देत असतील तर तुम्ही मोजताय ती अभिक्रिया नसून वायूची छिद्रांतून जाण्याची गती आहे, आणि अशा वेळी आतल्या जागा मेल्या तरी आलेख हळूच उतरतो.

सलग चालवण्याइतकंच चालू-बंद करणं महत्त्वाचं. सूर्य किंवा वाऱ्याच्या विजेतून आलेला हायड्रोजन सलग मिळत नाही. किमान दहा वेळा थंड करून पुन्हा तापवा, दर वेळी निष्क्रिय वायूत. वाफ असताना थंड केलं की छिद्रांत तिचं पाणी होतं आणि आधार चिरतो, म्हणून आधी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साईड काढून नायट्रोजनने नळी कोरडी करा, मगच तापमान खाली आणा. माझ्या अनुभवात सलग ३०० तास निमूट चाललेला उत्प्रेरकही चौथ्या-पाचव्या फेरीत कोसळू शकतो.

वापरलेला उत्प्रेरक उघडून पाहणं

ताजा नमुना सगळा वापरून टाकू नका, त्याचाच थोडा भाग वेगळा जपा. तुलना करायला तोच लागतो.

क्ष-किरण विवर्तनात तांब्याची मुख्य रेषा, तांब्याच्या क्ष-किरण नळीवर, ४३.३ अंशांच्या कोनाला येते. ती वापरानंतर अरुंद झाली असेल तर कण जाड झाले. शेररच्या (रेषेच्या रुंदीवरून कणाचा आकार देणाऱ्या) सूत्रातून आकार काढा, पण २-३ नॅनोमीटरखालचे कण या पद्धतीला दिसतच नाहीत हे ध्यानात ठेवा. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि किमान दोनशे कण मोजा. इथे सरासरीपेक्षा आकारांच्या वितरणाची शेपटी जास्त सांगते. शेपटी मोठ्या कणांकडे लांबली असेल तर कण भिडून एक झाल्याची शंका घ्या. लहान कण नाहीसे होऊन मधलेही सरकले असतील तर अणू सुटून गेलेत. अर्थात एका चित्रावरून निवाडा करता येत नाही. ५०, १५० आणि ३०० तासांचे वेगवेगळे नमुने ठेवले तरच चित्र स्पष्ट होतं.

साचलेला कार्बन हवेत हळूहळू तापवून वजनाच्या घटीतून मोजता येतो. मात्र त्याच वेळी तांबं आणि निकेल ऑक्सिजन घेऊन वजन वाढवतात, तो हिशोब वेगळा करा. रमन वर्णपटात (लेझरचा विखुरलेला प्रकाश मोजणाऱ्या पद्धतीत) प्रति सेंटीमीटर १३५० आणि १५८० च्या आसपासच्या दोन पट्ट्या दिसल्या की कार्बन आहे हे पक्कं, आणि दुसरी पट्टी तीक्ष्ण असेल तर तो ग्रॅफाइटसारखा, जाळायला कठीण.

कण वाढले नाहीत, कार्बनही नाही, तरी वेग पडला असेल तर आम्लात विरघळवून धातूचं प्रमाण मोजा, गंधक आणि क्लोराईड तपासा, आणि आधाराचं पृष्ठ नायट्रोजन शोषणाने पुन्हा मोजा. कार्बाईड असेल तर आधी पृष्ठावरचा ऑक्सिजन पाहा. विवर्तनात सगळं कार्बाईड दिसत असलं तरी वरचे एक-दोन नॅनोमीटर ऑक्साईड झालेले असू शकतात.

यातून मिळालेलं कारण घेऊन पुढचा घाणा बनवा, एका वेळी एकच गोष्ट बदलून. कण सरपटत असतील तर धातू कमी करून भिंत घाला. अणू सुटत असतील तर सिलिका सोडून सेरियाकडे वळा. कार्बन साचत असेल तर हायड्रोजनचं प्रमाण वाढवून पाहा, आणि निकेल बाहेरून मुरवण्याऐवजी पेरोव्हस्काईटमधून उगवा. कार्बाईडचं ऑक्सिडीकरण होत असेल तर एका फेरीतलं रूपांतर कमी ठेवून वाफेचा दाब उतरवा, पाणी मध्येच काढून न बदललेला वायू पुन्हा नळीत फिरवा, आणि त्याच स्थितीत पुन्हा पाचशे तास लावा.